न दिसणारा फेरफार : वाहनांचे नियंत्रण सॉफ्टवेअर, सुरक्षितता आणि उत्तरदायित्व

जबलपूर शहराचे ट्रकशी असलेले नाते दुहेरी आहे. १९६९ साली येथे स्थापन झालेल्या व्हेइकल फॅक्टरीतून भारतीय सैन्याचे ट्रक बाहेर पडत आले असून, त्याही आधी शहरातल्या गन कॅरेज फॅक्टरीत ‘मान’ या जर्मन कंपनीच्या परवान्यावर ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागले होते. सैन्यात दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या ‘जोंगा’ या गाडीच्या नावातले पहिले अक्षरही जबलपूरचेच आहे. दुसरीकडे, १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरच्या उच्च न्यायालयाची जागा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने घेतली आणि त्याचे मुख्यपीठ जबलपुरात आले. जबलपूरभोवतालच्या महाकोशल भागात ट्रकखाली सापडलेल्यांच्या वारसांचे नुकसानभरपाईचे दावे जिल्ह्यातील दावा न्यायाधिकरणात निकाली निघाल्यावर अपिलात याच शहरात येतात. वाहन कसे घडते आणि ते अपघातात सापडल्यावर जबाबदारी कोणावर येते, हे दोन्ही प्रश्न जेथे एकत्र पाहता येतात अशी शहरे थोडीच आहेत. वाहनाच्या नियंत्रण सॉफ्टवेअरमध्ये परस्पर केलेला बदल या दोन्ही प्रश्नांना एकाच वेळी भिडतो, आणि त्याची गंभीर दखल भारतात अद्याप पुरेशी घेतली गेलेली नाही.

शक्तिमानच्या पिढीतील डिझेल इंजिनाला किती इंधन द्यायचे हे इंधन-पंप ठरवीत असे. पंपाच्या आत फिरणारी छोटी वजने आणि त्यांना आवरून धरणाऱ्या स्प्रिंगा यांची एक यंत्रणा असे, तिला गव्हर्नर म्हणतात. इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की ही वजने बाहेर फेकली जात आणि इंधनाचा पुरवठा आपोआप कमी होई. ही मर्यादा ज्या स्क्रूने ठरे तो स्क्रू कारखान्यात तारेने बांधून त्यावर शिशाचे सील ठोकलेले असे. अधिक ओझे अधिक वेगाने ओढता यावे म्हणून हे सील तोडून पंप ‘वाढवून’ घेण्याची प्रथा देशभर होती आणि तिचे दुष्परिणामही होतेच. पण त्या फेरफाराची खूण मागे उरत असे. तुटलेली तार डोळ्यांना दिसे, धुराड्यातून काळा धूर निघे, आणि अपघातानंतर गाडी तपासणाऱ्या निरीक्षकाला पंप उघडून पाहता येई.

आजच्या ट्रकमध्ये, मोटारीत आणि बहुतेक नव्या दुचाकींतही हे काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट, म्हणजे ‘ईसीयू’ नावाने ओळखला जाणारा छोटा संगणक करतो. चालक ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा तो फक्त मागणी नोंदवीत असतो; ती किती पुरवायची हे ईसीयू ठरवतो, आणि त्यासाठी त्याच्या स्मृतीत आकड्यांचे शेकडो तक्ते साठवलेले असतात. इंजिनाचे फेरे, हवेचा दाब, पाण्याचे तापमान अशा स्थितींच्या प्रत्येक जोडीसाठी किती इंधन, कोणत्या क्षणी आणि किती दाबाने सोडायचे याचे उत्तर या तक्त्यांत असते. त्यांना ‘मॅप’ म्हणतात, आणि हे आकडे बदलण्याला गॅरेजच्या भाषेत ‘रीमॅप’ करणे किंवा ‘ट्यूनिंग’ म्हणतात. स्टिअरिंगखालच्या तपासणी-सॉकेटला, म्हणजे ओबीडी पोर्टला, लॅपटॉप जोडून मूळ फाइल वाचून घ्यायची, तिच्यातले आकडे बदलायचे आणि ती पुन्हा भरायची, एवढेच हे काम आहे. त्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही. काम संपल्यावर गाडी बाहेरून जशी होती तशीच दिसते.

हे आकडे एकमेकांपासून सुटे नसतात, ही गोष्ट गाडीचा मालक सहसा लक्षात घेत नाही. कोणत्याही वाहनाचा नमुना बाजारात येण्यापूर्वी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत त्याची चाचणी होते आणि नमुन्याला मान्यता मिळते; त्या वेळी ब्रेक, टायर, क्लच, गिअरबॉक्स, इंजिनाचा जोर आणि उत्सर्जन यांची तपासणी विशिष्ट सॉफ्टवेअर असलेल्या विशिष्ट वाहनावर झालेली असते. त्यातला एक आकडा बदलला की मान्यतेचा कागद ज्या वाहनाला मिळाला ते वाहन आणि रस्त्यावर धावणारे वाहन ही दोन वेगळी वाहने होतात. इंधन वाढवले तर धुराड्याकडे जाणाऱ्या वायूचे तापमान वाढते आणि टर्बोचार्जर, म्हणजे त्या वायूच्या जोरावर हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा, आपल्या मर्यादेच्या पलीकडे चालतो. वाढलेला जोर क्लचला आणि गिअरच्या दात्यांना सोसावा लागतो. आणि ब्रेक मात्र पूर्वीचेच राहतात.

वेगमर्यादेच्या बाबतीत हा विसंवाद सर्वांत घातक ठरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून तयार होणाऱ्या बहुतेक परिवहन वाहनांना कारखान्यातच वेग-नियंत्रक बसवणे बंधनकारक असून, त्याची मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे. डंपर, टँकर, शाळेच्या बस आणि धोकादायक माल वाहणारी वाहने यांच्यासाठी ती ६० आहे. नव्या ट्रकांत हे नियंत्रण बहुधा ईसीयूतील एका आकड्याच्या रूपाने असते. टँकरच्या ईसीयूतील ६० चे ८० केले, तर वेग एकतृतीयांशाने वाढल्याचे भासते. पण गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने थांबवायची ऊर्जा सुमारे पावणेदोन पट होते, आणि ती सगळी उष्णतेच्या रूपाने ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. तापलेल्या ड्रमवर ब्रेकची पकड कमी होते. नागपूरकडून सिवनी, लखनादौनमार्गे जबलपूरला येणाऱ्या रस्त्यावर पेंचच्या जंगलाचा पट्टा आणि चढउतार आहेत; अशा मार्गावर उतारावर धावणाऱ्या भरलेल्या टँकरला ही पकड नेमकी हवी तेव्हा मिळत नाही, आणि त्याची किंमत समोरून येणारा दुचाकीस्वार मोजतो, ज्याला त्या बदललेल्या आकड्याची कल्पनाही नसते.

ट्रकच्या धंद्यात आणखी एक फेरफार चालतो, त्याला चालक-मालकांच्या बोलीत ‘यूरिया बंद करणे’ म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून देशात लागू झालेल्या बीएस-६ उत्सर्जन मानकांची पूर्तता करण्यासाठी बहुतेक मोठ्या डिझेल वाहनांत धुराड्यात यूरियाचे द्रावण फवारले जाते. या द्रावणात सुमारे साडेबत्तीस टक्के यूरिया आणि बाकीचे शुद्ध पाणी असते, आणि त्याच्या साहाय्याने नायट्रोजन ऑक्साइड या श्वसनाला घातक वायूंचे नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर होते. टाकी रिकामी राहिली तर ईसीयू आधी इशारा देतो आणि नंतर गाडीचा जोर उतरवतो. यूरियाचा खर्च आणि ही अडवणूक दोन्ही टळावीत म्हणून ईसीयूला फवारणी चालू असल्याचा खोटा संदेश देणारे उपकरण बसवतात किंवा मॅपमधून ती सगळी यंत्रणाच काढून टाकतात. डिझेल वाहनाच्या पीयूसी चाचणीत गाडी उभी असताना धुराची अपारदर्शकता मोजली जाते, नायट्रोजन ऑक्साइड मोजले जात नाहीत. त्यामुळे असा ट्रक ही चाचणी बिनदिक्कत उत्तीर्ण होऊ शकतो. हा प्रकार केवळ भारताचा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार त्याआधीच्या सुमारे दशकभरात तेथील साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची उत्सर्जन-नियंत्रणे काढून टाकली गेली होती.

निर्मात्यानेच असा फेरफार केला तर काय घडते हे फोक्सवॅगन प्रकरणाने दाखवले. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झाले की या कंपनीच्या डिझेल मोटारींतील सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग आणि हवेचा दाब यांवरून गाडी प्रयोगशाळेत आहे की रस्त्यावर हे ओळखत होते, आणि रस्त्यावर असताना उत्सर्जन-नियंत्रण सैल सोडत होते. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर कंपनीने त्याच वर्षाच्या डिसेंबरात ३,२३,७०० मोटारी सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला, ज्याच्या वसुलीविरुद्ध कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. येथे एक मोठी, नोंदणीकृत कंपनी समोर होती, तिच्या सर्व मोटारींत एकच सॉफ्टवेअर होते आणि म्हणून चोरी पकडता आली. गॅरेजात केलेल्या रीमॅपच्या बाबतीत यांपैकी काहीच नसते. तेथे प्रत्येक गाडीतील फाइल वेगळी असते आणि बहुधा कामाचे बिलही दिलेले नसते.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा प्रश्न याच कुळातला असून सामान्य कुटुंबाच्या तो अधिक जवळचा आहे. ज्या दुचाकीच्या मोटारीची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, ती वजनाच्या व इतर अटी पूर्ण करीत असेल तर नियमांनुसार ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणून तिला नोंदणी, विमा आणि चालकाला परवाना लागत नाही. मोटारीला वीज किती द्यायची हे ज्या डब्यातून ठरते त्याला कंट्रोलर म्हणतात. स्वस्त स्कूटरांच्या कंट्रोलरमधून वेगमर्यादेसाठी तारांची एक जोडी बाहेर काढलेली असते आणि तिचा जोड सुटला की मर्यादा उठते. महागड्या स्कूटरांत तेच काम सॉफ्टवेअरमधून होते. मे २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बेकायदा बदल केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा मान्यता मिळालेल्या नमुन्यापेक्षा अधिक शक्तीच्या आणि अधिक वेगाच्या गाड्या विकल्या जात असल्याची तक्रार केंद्रस्थानी होती. अशा स्कूटरचा वेग २५ वरून ४५ वर नेला तर थांबवायची ऊर्जा सव्वातीन पटीच्या घरात जाते. वीजप्रवाहाची मर्यादा दीडपट केली तर तारांत आणि बॅटरीत निर्माण होणारी उष्णता सव्वादोन पट होते; २०२२ च्या उन्हाळ्यात स्कूटरांना आगी लागल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीविषयीचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले, पण मानकानुसार तपासलेली बॅटरी जर तपासणीच्या वेळी नसलेल्या प्रवाहावर चालवली गेली तर त्या कडकपणाचा उपयोग राहत नाही.

अशा गाड्या सोळा-सतरा वर्षांची मुले शिकवणीला नेतात म्हणून येथे कायद्याचा धोका कमालीचा वाढतो. वेग वाढवताच ती स्कूटर कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन ठरण्याची दाट शक्यता असते, आणि मग ती विनानोंदणी, विनाविमा व विनापरवाना चालवलेली गाडी होते. तिने कोणाला धडक दिली तर भरपाईची रक्कम देणारी विमा कंपनीच नसते. ती मालकाच्या मिळकतीतून द्यावी लागते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीनाकडून गुन्हा घडल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. दुकानदाराने ‘थोडी फास्ट करून देतो’ म्हणत सोडवलेला एक तारेचा जोड बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करू शकतो, हे विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही.

मोठ्या वाहनांच्या बाबतीत कायद्याची भाषा थोडी मागे राहिली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील वेगळे पडतील असा बदल करण्यास मनाई करते, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात या मनाईचा कठोर अर्थ लावला. मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा बदल, ज्याने त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते, असे म्हटले आहे. रचना म्हटले की विधिज्ञांच्या डोळ्यांपुढे सांगाडा, चाके, बैठक येतात. आकडा येत नाही. तरीही रीमॅप केल्याने इंजिनाची शक्ती नोंदणीतील आकड्यापेक्षा वाढत असेल तर तो तपशिलातील फरकच आहे, असा युक्तिवाद सबळपणे करता येतो. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२अ ची भाषा अधिक व्यापक असून, कायद्याने परवानगी नसलेल्या रीतीने बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर असे वाहन विकणाऱ्या अथवा बदलणाऱ्या उत्पादक, आयातदार किंवा विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. यात एक फट आहे आणि ती बुजवायला हवी. स्वतंत्रपणे फाइल बदलून देणारा ट्यूनर ना मालक असतो, ना उत्पादक, ना विक्रेता. सर्वांत कुशल हात त्याचाच असूनही या कलमात त्याचे नाव स्पष्टपणे घेतलेले नाही.

विम्याचे गणित मालकाने काळजीपूर्वक समजून घेण्यासारखे आहे. अपघातग्रस्त तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्यात विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्यासाठी घेता येणारी कारणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये मोजकीच दिली आहेत, आणि सॉफ्टवेअरमधील बदल हे कारण तेथे शब्दशः नाही. मात्र महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून विमा मिळवला हे कारण तेथे आहे, आणि दरवर्षी नूतनीकरण करताना रीमॅपची गोष्ट सांगितली नाही तर कंपनी त्याच आधारावर उभी राहू शकते. जखमी व्यक्तीला रिकाम्या हाताने परतावे लागू नये म्हणून न्यायालये अनेकदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. २००४ च्या स्वरणसिंग निकालाने परवान्याच्या संदर्भात ही रीत पक्की केली. म्हणजे मृताच्या कुटुंबाला पैसे मिळतील, पण ते शेवटी ट्रकमालकाच्या खिशातून जातील. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात तर मालकाला एवढेही संरक्षण नसते. तो पूर्णपणे करारावर अवलंबून असतो आणि न कळवलेला बदल हे नकाराचे सोपे कारण ठरते.

उत्पादक व विक्रेत्याविरुद्ध दाद मागण्याची वाटही याच बदलाने अरुंद होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनामुळे झालेल्या हानीची जबाबदारी प्रथमच स्वतंत्र प्रकरणात मांडली गेली, पण त्यातील कलम ८७ नुसार हानीच्या वेळी उत्पादनाचा गैरवापर झाला असेल किंवा त्यात बदल केलेला असेल तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा चालत नाही. मूळ ब्रेक खरोखरच सदोष असले तरी रीमॅप केलेल्या गाडीच्या मालकाला आधी आपला बदल निरुपद्रवी होता हे पटवून द्यावे लागते. पुराव्याची अडचण तर याहून मोठी आहे. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात ऑक्टोबर २०१३ मध्ये टोयोटा कॅमरीच्या आपोआप वाढलेल्या वेगाविषयीच्या खटल्यात वादीच्या तज्ज्ञाने कंपनीची मूळ संगणकसंहिता अनेक महिने तपासून तिच्यातील दोष ज्यूरीसमोर मांडले आणि ज्यूरीने कंपनीविरुद्ध कौल दिला. हे शक्य झाले, कारण अपघाताच्या वेळी गाडीत कोणती संहिता होती याविषयी शंका नव्हती. भारतातील एखाद्या दावा न्यायाधिकरणात रीमॅप केलेला ट्रक आला, तर त्याची मूळ फाइल कोणती, ती केव्हा बदलली आणि बदलणारा कोण, हे सांगणारा एकही कागद सापडण्याची शक्यता कमी. मोटार वाहन निरीक्षकाच्या अपघात-अहवालात ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर यांची नोंद होते, ईसीयूतील फाइलची नव्हे. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणासाठी पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, पण त्यासाठी जोडावा लागणारा कार्यकारणसंबंध याच पुराव्यावर उभा राहायचा असतो. प्रत्यक्षात बहुधा एकट्या चालकावर भरधाव गाडी चालवल्याचा ठपका येतो. वेगाची मर्यादा काढायला सांगणारा मालक आणि काढून देणारा ट्यूनर तपासाच्या बाहेरच राहतात. हा अन्याय आहे, आणि तो महिन्याच्या पगारावर गाडी हाकणाऱ्या माणसावर होतो.

मालकाला आपल्या गाडीच्या सॉफ्टवेअरला हातच लावू देऊ नये, असा याचा अर्थ काढणे चुकीचे होईल. कंपन्या तपासणीची साधने आणि माहिती स्वतःच्या अधिकृत केंद्रांपुरती अडवून ठेवतात, त्यामुळे साधा सेन्सर बदलण्यासाठीही स्वतंत्र मेकॅनिकला आडमार्ग शोधावा लागतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी पोर्टल सुरू केले ते अशाच तक्रारींतून. पण बिघडलेले वाहन पुन्हा मूळ स्थितीत आणणे वेगळे आणि मान्यतेची मर्यादा पुसून टाकणे वेगळे. पहिल्यासाठी माहिती जितकी खुली होईल तितकी चांगली, कारण दुरुस्तीच्या निमित्ताने चोरवाटेने मिळवलेली साधनेच पुढे दुसऱ्यासाठी वापरली जातात.

गाडीतील वेगवेगळे संगणक एकमेकांशी ‘कॅन’ नावाच्या सामाईक तारेवरून बोलतात, आणि ही व्यवस्था १९८० च्या दशकात आखली गेली तेव्हा संदेश पाठवणारा खरा आहे की नाही हे तपासण्याची तरतूद तिच्यात नव्हती. जुलै २०१५ मध्ये दोन संशोधकांनी मनोरंजन-यंत्रणेतून शिरून धावत्या जीपचे नियंत्रण दुरून घेऊन दाखवले, तेव्हा कंपनीला अमेरिकेत सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ट्यूनरने मूळ फाइलवरची डिजिटल मुद्रा निकामी केली की पुढच्या कोणालाही तीच वाट मोकळी होते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहननियम मंचाने २०२० मध्ये वाहनांची सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर बदलांची नोंद यांविषयी १५५ व १५६ क्रमांकाचे नियम केले, आणि त्यांच्याच धर्तीवर भारतात एआयएस-१८९ व एआयएस-१९० ही मानके तयार झाली. त्यांचे मुख्य मागणे असे की वाहनात कोणत्या वेळी कोणते सॉफ्टवेअर होते हे उत्पादकाला सांगता आले पाहिजे.

हे मागणे नव्या वाहनांपुरते आहे. रस्त्यावर आधीच धावणाऱ्या लाखो ट्रकांसाठी त्याहून साधा उपाय उपलब्ध आहे. बीएस-६ वाहनाचा ईसीयू विचारल्यावर आपल्या मॅपचा ओळख-क्रमांक आणि त्या फाइलवरून काढलेली पडताळणी-संख्या सांगतो. आकडे बदलले की ती संख्या सहसा जुळत नाही, आणि ती वाचायला काही मिनिटेच लागतात. योग्यता प्रमाणपत्राच्या नूतनीकरणावेळी ती वाचून कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिली, आणि अपघातग्रस्त वाहनाचा ईसीयू पंचनाम्यातच सील करून ठेवण्याचा नियम झाला, तर जबलपूरच्या अपिलात उभ्या राहणाऱ्या वारसांच्या हाती आज नसलेला एक कागद येईल. ट्रक ज्या शहरात बनतात तेथे हे काम करू शकणारे अभियंतेही आहेत. नियमात तशी एक ओळ मात्र अजून लिहायची राहिली आहे.